तुळिंजच्या सीवेवरील स्थानक : एका नांवाचा व एका मार्गाचा शोध

ताम्रपट, शिलालेख, बखरी व दप्तरें यांस वाहिलेल्या या पृष्ठांत आगगाडीच्या एका स्थानकाविषयीं लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. प्रस्तुत लेखकासहि आरंभीं तसेंच वाटलें होतें. परंतु इतिहासाचें साधन त्याच्या वयावरून ठरत नाहीं. त्यांतून कोणत्या प्रश्नाचें उत्तर मिळतें यावरून ठरतें. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यांत पश्चिम रेल्वेचें नालासोपारा हें स्थानक आहे. त्याच्या पूर्वेस लागूनच तुळिंज हें गांव आहे. ज्या गांवाच्या सीवेस स्थानक लागलें त्याचें नांव स्थानकास नाहीं, आणि ज्या दोन गांवांचीं नांवें स्थानकास आहेत तीं दोनहि रुळांपासून दूर पश्चिमेस आहेत. असें कां व्हावें? जुन्या कागदांत हें स्थानक कोणत्या नांवानें येतें? हा लोहमार्ग ज्या भूमीवरून गेला तेथें पूर्वीं कांहीं वाट होती काय? आणि असे कागद हातीं आले असतां ते कसे वाचावे? या चार प्रश्नांचा विचार येथें कर्तव्य आहे.

१. स्थलवर्णन

मुंबईच्या चर्चगेट स्थानकापासून वसई रोड सुमारें ५२, नालासोपारा सुमारें ५६ व विरार सुमारें ६० किलोमीटर अंतरावर आहे. म्हणजे नालासोपारा हें वसई रोड व विरार यांच्या जवळजवळ मध्यावर पडतें. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे. रुळांच्या पश्चिमेस सोपारें व त्याच्याहि पलीकडे, समुद्राच्या अंगास, नाळें हीं गांवें आहेत. पूर्वेस तुळिंज व त्यामागें तुंगारेश्वराचे डोंगर. पश्चिमेकडील भूमि बागायतीची. केळी, पानवेली व ऊंस यांविषयीं वसईप्रांताची ख्याति जुनी आहे. पूर्वेकडील भूमि डोंगराच्या पायथ्याची, भातशेतीची. लोहमार्ग या दोहोंमधील सखल पट्ट्यांतून जातो.

या सखल पट्ट्याचा इतिहास स्वतंत्र आहे. पोर्तुगीजांच्या काळीं वसईचा प्रदेश हें एक बेट समजलें जाई. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस मुख्य भूमीपासून त्यास वेगळी करणारी एक अरुंद खाडी, अशी त्याची चतुःसीमा होती. ही पूर्वेकडील खाडी गाळानें भरत गेली व कालांतरानें तिची ओळखहि बुजली. प्राचीन सोपाऱ्याचें बंदरपण खाडीवर अवलंबून होतें. खाडी भरली तसें बंदरहि मागें पडलें. या दृष्टीनें पाहतां सोपारें व नाळें हीं बेटाकडचीं गांवें, आणि तुळिंज हें मुख्य भूमीकडचें गांव. स्थानक या दोन भूमींच्या सांध्यावर उभें आहे. जुलै २०१८मध्यें अतिवृष्टि होऊन वसई व विरार यांच्या दरम्यान रुळांवर पाणी चढलें, गाड्या बंद पडल्या आणि अडकलेल्या प्रवाशांस साहाय्य पाठवून बाहेर काढावें लागलें, तेव्हां या भूमीचा जुना उतार सर्वांच्या प्रत्ययास आला.

२. इ.स. १८६७ची स्थानकांची यादी

बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीनें १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत रोज एक गाडी जाण्याची व एक येण्याची सोय केली. मुंबईच्या पश्चिम उपनगरी वाहतुकीचा आरंभ येथून मोजतात. त्या वेळच्या स्थानकांचीं नांवें इंग्रजी लिपींत नोंदलेलीं आहेत. त्यांचे उच्चार देवनागरींत उतरले असतां क्रम असा येतो : विरार, नीला, बसीन, पांजो, बेरेवला, पहाडी, अंदारू, सांताक्रूझ, बंदोरा, माहीम, दद्दुर, ग्रँट रोड व शेवटीं बॅकबे.

जुन्या पोथीचा पाठ लावतांना आपण जी पद्धति वापरतों तीच येथें वापरावी. प्रथम निर्विवाद नांवें बाजूस काढावीं. बसीन म्हणजे वसई, बेरेवला म्हणजे बोरिवली, अंदारू म्हणजे अंधेरी, बंदोरा म्हणजे वांद्रें, दद्दुर म्हणजे दादर. या पांच नांवांवरून लेखकाची, म्हणजे नांवें लिहून घेणाऱ्या कारकुनाची, संवय कळते. व्यंजनें तो बहुतेक राखतो, स्वर मात्र हवे तसे बदलतो. बोरिवलीचें बेरेवला करणारा मनुष्य नाळ्याचें किंवा नाल्याचें नीला करील यांत अशक्य कांहीं नाहीं.

आतां क्रम पाहावा. यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे चालली आहे. नीला हें विरारच्या नंतर व वसईच्या आधीं येतें. या दोहोंमध्यें आज एकच स्थानक आहे, तें नालासोपारा. आणि तें मध्यावर आहे हें वर सांगितलेंच आहे. नांवाचीं व्यंजनें व स्थानाचा क्रम अशा दोन स्वतंत्र साक्षी एकाच ठिकाणीं बोट दाखवितात. म्हणून १८६७च्या यादींतील नीला म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या नांवांतील पूर्वार्ध, असें मानण्यास प्रत्यवाय नाहीं.

यांतून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. यादींत नुसतें नीला आहे. सोपाऱ्याचें नांव त्यांत नाहीं. म्हणजे आजचें जोडनांव एकदम पडलेलें नसून त्यांत दोन थर आहेत. नाळ्याचा थर जुना व सोपाऱ्याचा थर त्यावर चढलेला.

या यादींतील आणखी दोन नांवें संशोधकांनीं पाहण्यासारखीं आहेत. पांजो म्हणजे वसईच्या खाडींतील पाणजू बेट. खाडीवरील दोन पुलांच्या मधोमध हें बेट आहे. आज तेथें स्थानक नाहीं. एके काळीं होतें याची साक्ष या यादींत उरली आहे. पहाडी हें गांव गोरेगांवच्या शेजारचें. तेथील स्थानक आज गोरेगांव म्हणून ओळखलें जातें व पहाडीचें नांव जुन्या रहिवाश्यांच्या व जमिनीच्या कागदांच्या आश्रयास गेलें आहे. स्थानकाच्या पाटीवर जें नांव चढतें तें वाढतें. जें उतरतें किंवा चढतच नाहीं तें गांव असूनहि नाहींसें होऊं लागतें. तुळिंजचा प्रश्न हाच आहे.

३. व्युत्पत्तीचे मोह

संस्कृताचा अभ्यास केलेल्या मनुष्यास अशा वेळीं मोह फार होतात. हे मोह प्रस्तुत लेखकासहि झाले, म्हणून ते येथें नांवानिशीं सांगतों.

पहिला मोह नीला या शब्दाचा. नील, नीलकंठ, नीलवर्ण तळें, अशी एक मालिका सहज तयार होते व तिच्यांतून एखादें लुप्त देवालयहि उभें करतां येतें. परंतु हा शब्द कारकुनाच्या कानांतून व इंग्रजी लिपींतून आला आहे हें विसरून चालणार नाहीं. लिप्यंतराच्या दोषावर व्युत्पत्ति उभी करूं नये. दुसरा मोह असा कीं, सोपाऱ्यापासून जवळच निर्मळ हें प्रसिद्ध क्षेत्र आहे. तेव्हां नीला हा निर्मळचा अपभ्रंश कां नसावा? याचें उत्तर वर दिलेंच आहे. कारकून व्यंजनें बहुतेक राखतो; आणि निर्मळमधील मकार या नांवांत कोठेंच नाहीं. तिसरा मोह तुळिंज या नांवाचा. तुळजा, तुंगार, तुलसी, असें ज्याला जें रुचेल तें त्यानें तेथें पाहावें. ज्या नांवाचें जुनें लिखित रूप पुढ्यांत नाहीं, त्याची व्युत्पत्ति सांगण्याचा हक्क कोणासच पोंचत नाहीं. तीं रूपें दानपत्रांत, खोतीच्या कागदांत व वसुलाच्या यादींत शोधावीं.

सोपाऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या रूपांची परंपरा सलग हातीं आहे. महाभारतांत शूर्पारक हें नांव येतें, व समुद्रानें तो प्रदेश जामदग्न्य रामास मोकळा करून दिल्याची कथा शांतिपर्वांत आहे. पाली जातकांत सुप्पारक आहे. ग्रीक व रोमन काळच्या वर्णनांत सुप्पारा, सौपारा अशीं रूपें आहेत. लेण्यांतील शिलालेखांत सोपारक, शोर्पारग अशीं आहेत. शूर्प म्हणजे सूप. आणि सोपाऱ्याच्या स्तूपास गांवकरी बुरूड राजाचा कोट म्हणत. सुपें विणणारा तो बुरूड. लोककथेनें संस्कृत नांवाचा अर्थ आपल्या परीनें कसा जतन केला याचें हें गमतीचें उदाहरण आहे. पुरावा आहे तेथें व्युत्पत्ति अशी पायरीपायरीनें उतरते; पुरावा नाहीं तेथें स्वस्थ बसावें.

४. इ.स. १८८२ व सोपाऱ्याची प्रसिद्धि

सोपाऱ्याचें नांव विद्वानांच्या तोंडीं झालें तें एप्रिल १८८२ मध्यें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं बुरूड राजाच्या कोटाचें उत्खनन केलें. त्यांत दगडी करंडा सांपडला. त्याच्या आंत तांब्याचा, त्यांत रुप्याचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा व सर्वांच्या आंत सोन्याचा, असे करंडे एकांत एक निघाले. सोन्याच्या करंड्यांत भिक्षापात्राचे म्हणून जतन केलेले मातीचे तेरा तुकडे होते. तांब्याच्या करंड्याभोंवतीं आठ ब्राँझच्या मूर्ति होत्या, आणि गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचें एक रुप्याचें नाणेंहि मिळालें. या वस्तु मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत आहेत. त्याच सुमारास अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडा सोपाऱ्यास मिळाला. पुढें १९५६ मध्यें नवव्या शासनाचा तुकडा जवळच्या भुईगांवीं सांपडला.

त्याच वर्षीं, म्हणजे १८८२ मध्यें, जेम्स कँपबेल यांनीं संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणें जिल्ह्यांतील स्थळांविषयींचा भाग प्रसिद्ध झाला. त्यांत सोपाऱ्याची जागा सांगतांना तें वसई रोडच्या वायव्येस व विरारच्या नैर्ऋत्येस आहे असें सांगितलें आहे. दोन स्थानकांचा आधार घेऊन गांवाची जागा दाखविली आहे. मधल्या स्थानकाचा आधार घेतलेला नाहीं. यावरून एवढें म्हणतां येतें कीं, सोपाऱ्याची कीर्ति ज्या वर्षीं पसरली त्या वर्षीं सोपाऱ्याचें म्हणून सांगण्याजोगें स्थानक ग्रंथकारांच्या दृष्टीसमोर नव्हतें. सोपाऱ्याचा थर स्थानकाच्या नांवावर नंतर चढला या वरील अनुमानास याची पुष्टि मिळते.

५. मार्ग नवा, वाट जुनी

आतां लोहमार्गाकडे वळूं. मुंबईकरांची समजूत अशी असते कीं रेल्वे मुंबईहून निघाली व उत्तरेस गेली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या बाबतींत तें खरें आहे. तिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली. पश्चिम किनाऱ्याच्या मार्गाचें उलट आहे. त्याची कंपनी १८५५ मध्यें स्थापन झाली व काम १८५६ मध्यें सुरतेस सुरू झालें. पहिला तुकडा अंकलेश्वर ते उतराण हा १० फेब्रुवारी १८६० रोजीं वाहतुकीस खुला झाला. तेथून मार्ग दक्षिणेकडे उतरत आला व २८ नोव्हेंबर १८६४ रोजीं मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोंचला. गुजराथच्या कापसास बंदर हवें होतें, आणि अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ या वर्षांत त्या कापसास जी किंमत आली तिच्या ऐन भरांत हा मार्ग पुरा झाला. म्हणजे तुळिंजच्या सीवेवरून धांवलेली आगगाडी ही मूळची मुंबईच्या चाकरमान्यांची नव्हती. ती गुजराथच्या मालाची होती. चाकरमान्यांची सोय तीन वर्षांनंतर झाली.

या मार्गांतील खरी अडचण नद्यांची व खाड्यांची. कंपनीचे सल्लागार इंजिनियर कर्नल जे. पी. केनेडी यांनीं सपाट किनाऱ्याचा मार्ग धरला व पुलांसाठीं एकच माप ठरविलें. बिडाचे स्क्रूसारखे फिरवून चिखलांत उतरविलेले खांब व त्यांवर साठ फुटांचे लोखंडी सांगाडे, अशी ती रचना. माप एक असल्यामुळें एका पुलाचा भाग दुसऱ्यास लागे. वसईच्या खाडीवर असे दोन पूल झाले; दक्षिणेचा सुमारें ४३०० फूट व उत्तरेचा सुमारें १५६० फूट लांब. मधें पाणजू बेट. विरारच्या उत्तरेस वैतरणा, मग डहाणूची खाडी, दमणगंगा, पार, तापी व शेवटीं भरुचेजवळ नर्मदा, असा हा मार्ग पाणी ओलांडीत जातो.

ही नद्यांची माळ वाचली असतां आपल्या विषयाच्या अभ्यासकास एक शिलालेख आठवला पाहिजे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याच्या दानांची नोंद कोरलेली आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग या चार ठिकाणीं त्यानें प्रवाशांच्या उतरण्यासाठीं चौसोपी धर्मशाळा बांधल्या. तसेंच कित्येक नद्यांवर त्यानें फुकट नावा ठेविल्या. त्या नद्यांत पारादा, दमणा, तापी व दाहनुका हीं नांवें आहेत. पारादा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. शोर्पारग म्हणजे आपलें सोपारें व भरुकच्छ म्हणजे भरूच. सोपाऱ्याहून भरुचेस जाणारा प्रवासी सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं ज्या पाण्यावर उषवदाताच्या नावेंत बसत असे, त्याच पाण्यावर आज गाडी पुलावरून जाते.

यावरून केनेडींनीं प्राचीन मार्ग शोधून काढला असें कोणीं म्हणूं नये. कारण भूगोलाचें आहे. एका बाजूस सह्याद्रीचे फांटे व दुसऱ्या बाजूस समुद्र. मधें चिंचोळी सपाटी. उत्तर–दक्षिण जाणाऱ्यास वाट एकच. व्यापारी, भिक्षु, फौज आणि आगगाडी यांस त्याच सपाटीवरून जावें लागतें व तींच पाणीं उतरावीं लागतात. परंतु या योगानें नालासोपारा या स्थानकाचें स्थान इतिहासांत कोठें बसतें तें कळतें. किनाऱ्याच्या वाटेवरील एका अति प्राचीन मुक्कामाचें तें नवें रूप आहे.

आणखी एक साम्य नोंदवून ठेवतों. त्यावर सिद्धान्त रचण्याचा हेतु नाहीं. सोपाऱ्यास मिळालेलें आठवें शासन राजाच्या प्रवासाविषयींच आहे. पूर्वींचे राजे करमणुकीसाठीं यात्रा करीत, त्या सोडून आपण धर्मयात्रा आरंभिल्या, असा त्याचा विषय. भुईगांवचें नववें शासन लोकांच्या मंगलविधींविषयीं आहे. आजार, विवाह व अपत्यजन्म यांबरोबर प्रवासास निघतांना केल्या जाणाऱ्या विधींचाहि त्यांत उल्लेख येतो. अशोकाचीं हीं शासनें अन्यत्रहि आहेत, तेव्हां तीं सोपाऱ्यासाठीं निराळीं रचलीं नव्हतीं. तरी प्रवाशांच्या गांवीं तेवढे हेच दोन तुकडे काळाच्या हातून सुटावे हें चित्तास लागल्याशिवाय राहत नाहीं.

६. स्थानकाचे पुढील दिवस

पुढील इतिहास थोडक्यांत देतों. १९०५ मध्यें सरकारनें हा मार्ग विकत घेतला. कारभार कंपनीकडे चालू राहिला. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली व १९३६ मध्यें ती विरारपर्यंत आली. १ जानेवारी १९४२ रोजीं कारभारहि सरकारनें हातीं घेतला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं ही रेल्वे इतर कांहीं रेल्वेंसह एकत्र होऊन पश्चिम रेल्वे झाली. बोरिवली ते विरार चार रूळ २००७ मध्यें पुरे झाले आणि २०१३ मध्यें उपनगरी गाड्या विरारच्या पुढें डहाणू रोडपर्यंत जाऊं लागल्या.

विजेच्या गाडीनें स्थानकाभोंवतीं वस्ती ओढली. १९व्या शतकांत स्थानक दोन गांवांच्या अंगणाबाहेर होतें. २०व्या शतकाच्या शेवटीं गांवेंच स्थानकाच्या अंगणांत आलीं. २००१च्या शिरगणतींत नालासोपारा नगरपरिषदेची लोकसंख्या १ लाख ८४ हजारांवर होती. ३ जुलै २००९ रोजीं वसई-विरार शहर महानगरपालिका झाली व २०११ मध्यें तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निघाला. या वाढींत तुळिंज हें गांव नालासोपारा पूर्व या नांवांत विरून गेलें. तुळिंज रस्ता व तुळिंज पोलीस ठाणें यांच्या पाट्यांनीं तें नांव अद्यापि धरून ठेविलें आहे.

७. आगगाडीचे कागद कसे वाचावे

आतां संग्राहकांच्या कामाची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं रुक्मिणीस्वयंवराची एक हस्तलिखित पोथी प्रस्तुत लेखकाकडे तपासण्यास आली होती. तिच्या दोन पत्रांमध्यें खूण म्हणून जाड पुठ्ठ्याचें आगगाडीचें एक तिकीट घातलेलें होतें. विरार ते ग्रँट रोड, तिसरा वर्ग. पोथीचे मालक तें काढून टाकूं लागले. त्यांस थांबविलें. पोथीचा लेखनकाल पुष्पिकेवरून कळतो. ती कोणत्या काळापर्यंत वाचनांत होती हें सांगणारा त्या पोथींत तेवढा एकच साक्षीदार होता.

असें तिकीट वाचण्याचे नियम पुढीलप्रमाणें आहेत. इंग्लंडांतील टॉमस एडमंडसन यानें काढलेल्या पद्धतीचीं हीं तिकिटें सुमारें सव्वादोन इंच लांब व सव्वा इंच रुंद असत. तारीख शाईनें छापीत नसत. यंत्रांत तिकीट घालून तिच्या टोंकास दाबून उठवीत. म्हणून प्रथम तिकीट तिरप्या उजेडांत धरावें. बोटांनीं घासूं नये. तारीख पुसली असेल तर पुढील खुणा पाहाव्या. बी. बी. सी. आय. हीं अक्षरें असतील तर तें १९५१च्या नोव्हेंबरपूर्वीं छापलेलें. पश्चिम रेल्वेचें नांव असेल तर त्यानंतरचें. भाडें रुपये-आणे-पै असेल तर १ एप्रिल १९५७ पूर्वींचें. नवे पैसे असतील तर त्यानंतरचें. तिसरा वर्ग १९७४ मध्यें बंद झाला, तेव्हां तें नांव असलेलें तिकीट त्यापूर्वींचें. स्थानकाचें नांव बसीन रोड आहे कीं वसई रोड आहे, हेंहि टिपावें. आमच्या तिकिटावर कंपनीचीं अक्षरें व आणे होते; म्हणून तें १९५१च्या आधीं छापलेलें ठरलें. पोथींत तें घातलें गेलें त्यानंतर केव्हांतरी. म्हणजे तिकीट छापेपर्यंत ती पोथी बासनांत बांधून पडलेली नव्हती, हातांत होती.

वेळापत्रकांविषयीं एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जुन्या रोजनिशींत अमक्या वाजतांच्या गाडीनें निघालों असें असतें. तें घड्याळ कोणतें? १९व्या शतकाच्या उत्तरार्धांत रेल्वे मद्रासच्या वेळेनें चालूं लागल्या, व ती वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारें अर्धा तास पुढें होती. १ जानेवारी १९०६ पासून सध्यांची प्रमाणवेळ आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटें मागें; आणि मुंबईच्या नगरपालिकेनें ती १९५५ पर्यंत सोडली नाहीं. एकाच शहरांत दोन घड्याळें चालत. पंचांगांतील घटिका व रोजनिशींतील तास यांचा मेळ घालतांना हा फरक धरला नाहीं तर जन्मकाल व मृत्युकाल चुकतात.

८. उपसंहार

वरील विवेचनांतून तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत.

पहिली, प्राप्तिस्थानाविषयीं. सोपाऱ्याच्या वस्तूंचें स्थळ अलीकडे सरसकट नालासोपारा असें लिहिलें जातें. हें नांव स्थानकाचें आहे व जोडनांव म्हणून अर्वाचीन आहे. स्तूप सोपाऱ्याचा, नववें शासन भुईगांवचें. एखादी मूर्ति किंवा वीरगळ तुळिंजच्या हद्दींत मिळाला तर तेथें तुळिंजच लिहिलें पाहिजे. बेटाकडची वस्तु व मुख्य भूमीकडची वस्तु एका स्थानकाच्या नांवाखालीं घातली, तर जुन्या खाडीच्या दोन तीरांवरील वस्तीचा विचार पुढील अभ्यासकास करतांच येणार नाहीं. ही चूक आज एका शब्दाची आहे. पन्नास वर्षांनीं ती दुरुस्त करण्यास साधन उरणार नाहीं.

दुसरी, भूसंपादनाच्या कागदांविषयीं. लोहमार्गासाठीं जमीन घेतांना गांवाचें नांव, जमिनीचा नंबर व चतुःसीमा लिहावी लागते. वसई व विरार यांच्यामधून आजहि नवे रूळ टाकण्याचीं कामें निघत आहेत व त्यांच्या सूचना गांवोगांवीं लागतात. काम संपलें कीं त्या रद्दींत जातात. जुन्या वतनपत्रांइतक्याच त्या जपण्यायोग्य आहेत. तुळिंजसारख्या गांवाची हद्द कोठून कोठवर होती हें पुढें त्यांतूनच सांगतां येईल.

तिसरी, पोथ्यांतील खुणांविषयीं. पोथी झाडतांना जें तिकीट, पावती किंवा वेळापत्रकाचा तुकडा निघेल तो टाकूं नये. कोणत्या दोन पत्रांमध्यें होता तें पेन्सिलीनें निराळ्या कागदावर टिपावें, आणि तो त्याच पोथीच्या नांवानें निराळ्या पाकिटांत ठेवावा.

वसई तालुक्यांतील ज्या सभासदांकडे तुळिंज, सोपारें, नाळें किंवा पाणजू या गांवांचीं नांवें असलेले जुने कागद असतील, त्यांनीं त्यांतील नांवांचीं रूपें, जशीं लिहिलीं असतील तशींच, अनुस्वार-वेलांटीसकट उतरवून मंडळाकडे पाठवावीं अशी विनंति आहे. स्थानकाच्या पाटीवर तुळिंजला जागा मिळाली नाहीं. मंडळाच्या दप्तरांत ती मिळावी, एवढ्याचसाठीं हा लेख लिहिला.